संप मिटवावा कोणी?

राज्यकारभार थांबतो तो दोन प्रकारांनी. तिजोरीचे कुलूप उघडण्याचा अधिकार ज्यांच्या हाती असतो त्यांचे एकमत होत नाही, हा एक प्रकार. आणि कारभाराचा गाडा ज्यांच्या बळावर चालतो ते हात आखडून घेतात, हा दुसरा. पहिला प्रकार अमेरिकेत घडतो. दुसरा आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. हे बंद सुरू कसे होतात यावर वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहून येते. ते संपतात कसे, आणि संपविण्याची वेळ आली म्हणजे कालपर्यंत एका मांडवात बसलेली माणसे एकमेकांवर का उलटतात, याचा विचार मात्र क्वचितच होतो. आम्हांला येथे तेवढ्याच भागाविषयी लिहावयाचे आहे. आणि त्यासाठी मुख्य उदाहरण घ्यावयाचे आहे ते २०२१-२२ सालच्या एस.टी.च्या संपाचे, कारण त्याची झळ आपल्या मराठवाड्याइतकी क्वचितच कोणाला लागली असेल.

पण आधी अमेरिकेचे थोडे पाहू. तेथे सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. तोवर खर्चाची मंजुरी मिळाली नाही तर सरकारी खात्यांना पैसा खर्च करता येत नाही. हा नियम राज्यघटनेत शब्दशः लिहिलेला आहे असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः मंजुरीवाचून खर्च करू नये हा कायदा जुना असला, तरी त्यासाठी कचेऱ्यांना टाळे लावलेच पाहिजे हा अर्थ १९८० साली तेथील महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी दिला, आणि तेव्हापासून ही प्रथा रूढ झाली. १९९५-९६ मध्ये २१ दिवस, २०१८-१९ मध्ये ३५ दिवस आणि २०२५ मध्ये ४३ दिवस असे हे बंद लांबत गेले.

या शेवटच्या बंदात डेमोक्रॅटिक पक्ष अल्पमतात होता. तरी सिनेटमध्ये अशा विधेयकाला शंभरांपैकी ६० मते लागत असल्यामुळे त्याला अडवणूक करता येत होती. आरोग्यविम्याला सरकारकडून मिळणारे वाढीव साहाय्य वर्षअखेर संपणार होते. ते चालू ठेवा, मग मते देतो, अशी त्याची मागणी होती. चाळीस दिवस हे चालले. कर्मचारी बिनपगारी, विमानांची उड्डाणे कमी केलेली, आणि अन्नसाहाय्यावर अवलंबून असलेली सुमारे सव्वाचार कोटी माणसे नोव्हेंबरच्या हप्त्याची वाट पाहत बसलेली. ४ नोव्हेंबरला काही राज्यांत निवडणुका झाल्या, त्या याच पक्षाने जिंकल्या. एक गट म्हणू लागला, लोक आपल्या बाजूने आहेत, आता मागे सरणे म्हणजे जिंकलेला डाव टाकणे. दुसरा म्हणाला, समोरचा बधत नाही आणि भूक आपल्याच माणसांना लागते आहे. १० नोव्हेंबरला सिनेटमध्ये आठ जणांनी, म्हणजे सात डेमोक्रॅट आणि त्यांच्यासोबत बसणाऱ्या एका अपक्षाने, सरकार पक्षाबरोबर मत दिले आणि ६० विरुद्ध ४० मतांनी ठराव झाला. पक्षाचे सिनेटमधील नेते चक शूमर यांचे मत विरुद्ध होते. बदल्यात मिळाले ते एवढेच की, विम्याच्या साहाय्यावर डिसेंबरात मतदान घेऊ. ते मतदान झाले, आणि ठराव पडला.

येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या आठांपैकी एकालाही २०२६ साली निवडणूक लढवावयाची नव्हती. कोणी निवृत्त होणार होते, कोणाची मुदत पुढे होती. बंद मिटविण्याची किंमत मोजणे ज्यांना परवडत होते त्यांनीच ती मोजली. बाकीच्यांनी विरोधात मत देऊन हात झाडले. त्यांतल्या किती जणांना मनातून तो बंद मिटावा असे वाटत होते, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.

आपल्याकडे असे का होत नाही? आपल्या घटनेने त्याची सोय आधीच करून ठेवली आहे. कलम २०६ अन्वये विधानसभा पूर्ण अर्थसंकल्प मंजूर होण्यापूर्वी काही महिन्यांच्या खर्चाला लेखानुदान देऊ शकते. २०२४ साली लोकसभेच्या निवडणुकीमुळे महाराष्ट्राचा अंतरिम अर्थसंकल्प फेब्रुवारीत आला आणि पुरा अर्थसंकल्प जूनअखेरीस. मधल्या काळात एकही तहसील कचेरी त्यापायी बंद पडली नाही. शिवाय, ज्या मंत्रिमंडळाला सभागृहाकडून पैसा मंजूर करून घेता येत नाही त्याला आपल्या पद्धतीत राहताच येत नाही. सरकार पडते, कारभार पडत नाही.

तेव्हा आपल्याकडे बंद पडतो तो हात आखडल्यामुळे. १९७७-७८ सालचा सरकारी कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप जुन्या मंडळींच्या स्मरणात असेल. १४ डिसेंबर १९७७ ते ५ फेब्रुवारी १९७८. र. ग. कर्णिक यांचे नेतृत्व, वसंतदादा पाटलांचे सरकार आणि केंद्राच्या दराने महागाई भत्ता ही मागणी. संप मिटला तेव्हा मागणी पदरात पडलेली नव्हती. ती मान्य केली त्याच वर्षी जुलैत आलेल्या शरद पवारांच्या पुलोद सरकारने. मिटविण्याच्या दिवशी जो हरल्यासारखा दिसतो तो नेहमी हरलेलाच असतो असे नाही, एवढे यावरून लक्षात ठेवून पुढे जाऊ.

एस.टी.चे कर्मचारी हे सरकारी नोकर नव्हेत. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली उभ्या राहिलेल्या महामंडळाचे ते नोकर. पगार महामंडळाच्या उत्पन्नातून व्हावयाचा. तिकिटाचे दर, कोणाला सवलत द्यावयाची, कोणत्या तोट्याच्या खेड्यात गाडी न्यावयाची, हे ठरवावयाचे सरकारने. आणि तोटा दाखवावयाचा महामंडळाच्या वहीत. करोनाच्या काळात गाड्या उभ्या राहिल्या आणि हे सोंग उघडे पडले. पगार महिना-महिना लांबू लागले. काही कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. तेव्हा मनुष्याच्या तोंडून जो शब्द सहज निघावयाचा तो निघाला: विलीनीकरण. आम्हांला सरकारातच घ्या, म्हणजे पगाराची तारीख चुकणार नाही.

ही मागणी काही आकाशातून पडलेली नव्हती. आंध्र प्रदेशाने १ जानेवारी २०२० पासून आपल्या परिवहन महामंडळाचे कर्मचारी सरकारी सेवेत घेतले होते. आणि मराठवाड्यातील मनुष्याला तर या मागणीत नवल वाटण्याचे काहीच कारण नव्हते. पुणे-अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ रोजी पहिली एस.टी. धावली, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण त्यापूर्वी सोळा वर्षे, १९३२ पासून, निजामाच्या राज्यात सरकारी बस धावत होती, आणि ती चालवीत होते निजामाच्या रेल्वेचेच मोटार खाते. राज्य जुलमी होते, ते गेले हे उत्तम झाले. परंतु आपल्याकडील पहिला सार्वजनिक बसचालक सरकारी खात्याचा नोकर होता, ही गोष्ट खरी. १९५६ साली हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. तेलंगणातील गाड्या आंध्रच्या महामंडळाकडे गेल्या आणि मराठवाड्यातील गाड्या मुंबई राज्यामार्गे १९६१ साली आजच्या महामंडळात आल्या. एका घरचे दोन भाऊ निरनिराळ्या घरी दत्तक गेले, आणि साठ वर्षांनी एकाला सरकारी नोकरी मिळाली. दुसऱ्याने विचारले, मला का नाही?

आता घटनाक्रम पाहू. २७ ऑक्टोबर २०२१ रोजी संघटनांच्या कृती समितीने उपोषण आरंभले. मागण्या महागाई भत्त्याच्या आणि घरभाड्याच्या होत्या. परिवहनमंत्री अनिल परब यांनी त्या मान्य केल्या आणि दुसऱ्याच दिवशी समितीने उपोषण सोडले. संघटनांच्या हिशेबाने प्रकरण मिटले होते. आगारांतील कामगारांच्या हिशेबाने ते तेथे सुरू झाले. एकेक आगार बंद पडत गेले आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जवळजवळ सारे राज्य थांबले. उच्च न्यायालयाने संपास मनाई केली होती. त्याच न्यायालयाच्या सांगण्यावरून ८ नोव्हेंबरला मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली तिघांची समिती नेमली गेली आणि विलीनीकरणाचा प्रश्न तिच्याकडे सोपविला गेला. तरी गाड्या हलल्या नाहीत.

हे असे का झाले ते समजून घेतले पाहिजे. एस.टी.त जवळजवळ प्रत्येक पक्षाची एक संघटना आहे. शिवसेनेची कामगार सेना आहे, काँग्रेसची इंटक आहे, मान्यताप्राप्त संघटना आहे, आणखीही पुष्कळ आहेत. सरकार होते शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांचे. तेव्हा ज्या संघटनांनी संपाचे पुढारीपण करावयाचे त्यांतल्या कित्येकांचे वडीलधारे मंत्रिमंडळात बसलेले. कामगारांचा विश्वास उडाला तो एका दिवसात उडालेला नव्हता. रिकाम्या झालेल्या त्या जागेवर भारतीय जनता पक्षाचे आमदार गोपीचंद पडळकर आणि रयत क्रांती संघटनेचे सदाभाऊ खोत येऊन उभे राहिले, आणि न्यायालयातील बाजू ॲड. गुणरत्न सदावर्ते यांनी घेतली. मुंबईच्या आझाद मैदानावर मुक्काम पडला.

२४ नोव्हेंबर हा या संपाचा खरा कसोटीचा दिवस. त्या दिवशी परबांनी पगारवाढ जाहीर केली. १० वर्षांपर्यंत नोकरी झालेल्यांना मूळ वेतनात ५,००० रुपये, १० ते २० वर्षे झालेल्यांना ४,००० आणि त्यापुढच्यांना २,५०० रुपये. शिवाय पगार दरमहा १० तारखेच्या आत देण्याची हमी. विलीनीकरण मात्र समितीच्या अहवालावर सोडलेले. दुसऱ्या दिवशी पडळकर आणि खोत यांनी आझाद मैदानावरील आंदोलनातून आपण तात्पुरते बाजूला होत असल्याचे सांगितले आणि पुढचा निर्णय कामगारांवर सोपविला. सदावर्ते आणि मैदानावरील कामगार म्हणाले, विलीनीकरणाशिवाय उठणार नाही.

दोन्ही बाजूंचे म्हणणे आम्हांला जसे समजते तसे मांडतो. जे परत जा म्हणत होते त्यांचा युक्तिवाद असा: महामंडळाच्या इतिहासात क्वचितच मिळाली असेल एवढी वाढ हाती आली आहे; ती घेऊन कामावर जावे; मुख्य मागणीचा दरवाजा समितीच्या रूपाने उघडाच आहे; आणि निलंबनाच्या नोटिसा निघू लागल्या आहेत, त्या घरी पोचण्यापूर्वी उठलेले बरे. जे राहा म्हणत होते त्यांचे उत्तर असे: गाड्या उभ्या आहेत म्हणून समिती आहे, गाड्या फिरू लागल्या की अहवाल कपाटात जाईल, आजवरच्या प्रत्येक आश्वासनाचे हेच झाले, आणि महिनाभर उपाशी राहून आम्ही मागितले ते एक, दिले ते दुसरेच.

दुसऱ्या युक्तिवादातील पहिला भाग आम्हांला नाकारता येत नाही. समितीचा अनुभव या देशात सर्वांना आहे. परंतु त्यात एक मोठी अडचण होती, आणि ती मागणीच्या स्वरूपातच दडलेली होती. पगाराची मागणी भाकरीसारखी असते. सबंध मिळाली नाही तर अर्धी घेता येते, चतकोर घेऊन उरलेलीसाठी पुन्हा भांडता येते. विलीनीकरणाचे तसे नाही. अर्धे विलीनीकरण म्हणजे काय? मनुष्य सरकारी नोकर असतो किंवा नसतो. ज्या मागणीचे तुकडे पडत नाहीत तिच्यासाठी केलेल्या संपात मधे उतरावयाला थांबाच नसतो. पुढाऱ्याला मागे फिरावयाचे झाले तर हातात दाखविण्यासारखे काहीतरी लागते. येथे पाच हजार रुपये होते. पण ते मागितलेल्या वस्तूचा भाग नसल्यामुळे कामगारांना ती लाच वाटली. पाच हजारांची वाढ लाच वाटावी, इतके ते मन पोळलेले होते.

आणखी एक. बाहेरून आलेल्या पुढाऱ्याला संपात शिरता येते, संप मागे घेता येत नाही. कारण मागे घेणे म्हणजे प्रत्येक आगारात, प्रत्येक चालक-वाहकाच्या विश्रांतिगृहात एक तरी माणूस असा हवा की जो उभा राहून म्हणेल, चला, उद्या पहाटेची गाडी काढू. तो माणूस संघटना वर्षानुवर्षे घडविते. पडळकर-खोतांजवळ तो नव्हता. जुन्या संघटनांजवळ तो होता, पण त्याचे कोणी ऐकत नव्हते. २० डिसेंबरला तर संपाची नोटीस ज्या कनिष्ठ वेतनश्रेणी संघटनेने दिली होती तिचे अजय गुजर यांनीही मंत्र्यांच्या भेटीनंतर संप मागे घेतल्याचे जाहीर केले. नोटीस देणाऱ्यानेच नोटीस मागे घेतली, आणि तरीही गाडी आगाराबाहेर पडली नाही! जानेवारीत शरद पवारांनी कृती समितीतील बावीस संघटनांना बोलावून घेतले आणि कामावर येण्याचे आवाहन केले. परिणाम तोच.

विरोधी पक्षाला या सर्वात काय हवे होते, असे कोणी विचारील. आमचे मत असे की, विरोधी पक्षाला सरकारची अडचण हवी असते आणि संपकऱ्याला अडचणीतून सुटका हवी असते. काही अंतरापर्यंत हे दोघे एका गाडीतून जातात. पुढे वाटा फुटतात. पक्षाला कोणत्या थांब्यावर उतरावयाचे ते ठाऊक असते. मागे बसलेल्यांना मात्र वाटत असते की हा शेवटपर्यंत आपल्याबरोबर आहे. यात कोणत्या एका पक्षाला दोष देण्याचे कारण नाही. बाके बदलली की भूमिकाही बदलतात. जून २०२२ अखेरीस सरकार बदलले आणि त्या वेळचा विरोधी पक्ष सत्तेत आला. विलीनीकरण त्यानंतरही झाले नाही.

मधल्या काळात आपल्या भागात काय चालले होते? राज्यातील शाळा करोनानंतर ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडल्या होत्या, आणि उण्यापुऱ्या चार आठवड्यांत एस.टी. थांबली. कन्नड, सिल्लोड, सोयगाव, वैजापूर, पैठण, गंगापूर या तालुक्यांतील मुलीला बारावीपर्यंत शाळेत जाण्यासाठी एस.टी.चा मोफत पास आहे. तो पास काळी-पिवळीत चालत नाही. सरकारने खाजगी वाहनांना प्रवासी नेण्याची मुभा दिली. त्यांनी भाडे आपल्या मर्जीने घेतले. मुलाला सायकल मिळाली, मुलगी घरी बसली, हे आम्ही ऐकीव सांगत नाही. या जिल्ह्यात हिंडणाऱ्या कोणाही शिक्षकाला विचारावे. संप लांबवावा की मिटवावा या वादात तिचे मत घेण्याची सोय कोणत्याच बाजूकडे नव्हती. दुसरीकडे संपकऱ्याचे घर. काम नाही तर वेतन नाही, हा आपला नियम. अमेरिकेत २०१९ च्या कायद्याने बंद काळातील पगार मागाहून मिळतो. येथे पाच महिन्यांचा पगार गेला तो गेलाच. चिकलठाण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत गाड्या बांधणाऱ्या हातांना त्या हिवाळ्यात मिळेल ते काम शोधावे लागले असेल तर त्यात नवल काय?

मार्च २०२२ मध्ये समितीचा अहवाल विधिमंडळासमोर आला: विलीनीकरण शक्य नाही. हजारो निलंबने, हजारो बडतर्फ्या झालेल्या. अखेर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उच्च न्यायालयाने कामावर परतण्याची मुदत आधी १५ आणि मग २२ एप्रिल अशी ठरवून दिली आणि जे परततील त्यांच्या नोकऱ्या जाऊ नयेत असे पाहिले. दुसऱ्याच दिवशी, ८ एप्रिलला, संपकऱ्यांचा एक जमाव पवारांच्या मुंबईतील घरावर चालून गेला. चपला आणि दगड फेकले गेले. सदावर्त्यांना अटक झाली. ज्या संपाला खेड्यापाड्यांतून सहानुभूती होती ती त्या एका दुपारी पुष्कळ आटली. २२ एप्रिलपर्यंत बहुतेक सर्व कामावर आले. न्यायालयाने काढलेली वाट अशी होती की तिच्यातून जाताना कोणालाच 'मी हरलो' असे म्हणावे लागले नाही. सरकार म्हणाले, आदेशाचे पालन करतो. कामगारही तेच म्हणाले. पण हे दार नोव्हेंबरातही कोणाला तरी उघडता आले असते.

आमच्या या म्हणण्यावर एक उलट उदाहरण आहे, ते दडवून ठेवणे बरे नव्हे. त्याच जुन्या निजामी मोटार खात्याचा दुसरा वारस, तेलंगणाचे महामंडळ. तेथील कामगारांनी ५ ऑक्टोबर २०१९ पासून विलीनीकरणासाठीच ५२ दिवस संप केला. २५ नोव्हेंबरला काहीही पदरात न पडता तो मागे घेतला, तर सरकारने त्यांना आत घ्यावयासही आधी नकार दिला. तीन दिवसांनी घेतले. सर्वस्वी हार. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये, निवडणूक तोंडावर असता, त्याच चंद्रशेखर राव यांच्या सरकारने विधानसभेत विधेयक आणून कर्मचारी सरकारी सेवेत घेतले. तेव्हा अभंग मागणी कधीच मिळत नाही, असे म्हणता येत नाही. ती संपाच्या मैदानावर क्वचित मिळते, आणि मिळते तेव्हा दुसऱ्याच कोणाच्या सोयीने मिळते.

या शहराला तर हा वाद त्याहूनही जुना आहे. ऑक्टोबर १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसने सत्याग्रह सुरू केला. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. येथील इंटरमीजिएट कॉलेजातून वंदे मातरमची चळवळ उठली. आणि डिसेंबरात, ऐन भरात, गांधीजींच्या सल्ल्यावरून सत्याग्रह स्थगित झाला. शेजारीच आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचा सत्याग्रह चालू होता, तो पुढच्या वर्षापर्यंत चालला. तरुणांना ही स्थगिती झोंबली. काँग्रेसवरील बंदी उठावयाला १९४६ साल उजाडले. परंतु स्थगितीचा निर्णय ज्यांना पटला नाही त्यांनीही तो पाळला, आणि म्हणून १९४७ साली पुन्हा हाक देण्यासाठी संघटना शिल्लक होती. थांब म्हटल्यावर थांबणारी माणसे असली तरच पुन्हा चल म्हणता येते. २०२१ च्या आझाद मैदानात तीच गोष्ट नव्हती.

१४ मार्च २०२३ रोजी जुन्या निवृत्तिवेतनासाठी सरकारी कर्मचारी संपावर गेले, ते समिती आणि आश्वासन घेऊन २० मार्चला परतले. फसवणूक झाली अशी ओरड तेव्हाही झाली, पण समन्वय समितीने सांगितले आणि कचेऱ्या उघडल्या. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये, गणपतीच्या तोंडावर, एस.टी.च्या संघटना पुन्हा संपात उतरल्या. या वेळी मागणी पगाराची होती. ३ तारखेला संप सुरू झाला, ४ तारखेला मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याबरोबर बैठक झाली, मूळ वेतनात ६,५०० रुपयांची वाढ ठरली, आणि त्यानंतर येथल्या मध्यवर्ती बसस्थानकावरून गाड्या पुन्हा सुटू लागल्या.